तिसरा खांब

क्रेगहाउसला दुकान एक, रस्ता एक,
आणि फोनला रेंज मिळते ती जागाही एकच.
इशबेलने पावतीच्या पाठीवर नकाशा काढून दिला:
धक्क्यावरचा तिसरा खांब,
तोंड समुद्राकडे, डावा खांदा डोंगरांकडे,
आणि भरती असेल तर बरं.
भरतीचा काय संबंध, मी विचारलं.
ती म्हणाली, ठाऊक नाही. पण आहे.

मी इथे दगडफूल मोजायला आले आहे.
जुरा बेटाच्या या काठाला
ओक आणि हेझलचं जुनं रान आहे, पावसाचं रान,
इतकं ओलं की झाडांची साल दिसतच नाही,
झाडावर झाडं, त्यांच्यावर आणखी काहीबाही.
भाऊंना सांगितलं तेव्हा म्हणाले,
म्हणजे आपलं गोड्या मसाल्यातलं?
ते मोजायला पगार देतात?

रानात फोन म्हणजे नुसता कॅमेरा.
दिवसभरात एकशे बारा खोडं,
चौकट लावून, भिंगातून, गुडघे टेकून.
याला आमच्यात डेटा म्हणतात.
हा भरपूर आहे. दुसरा नाही.

संध्याकाळी खांब.
सोमवारी मेसेज आला, आयर्लंडमध्ये आपले स्वागत आहे.
मी स्कॉटलंडच्या चिखलात उभी
आणि पाण्यापलीकडचा कुठला तरी टॉवर
मला पाहुणी समजून दर सांगत होता.

भाऊ हसले असते.
देवरुखच्या एक्स्चेंजला तीस वर्षं लाइनमन.
खांबावर चढून, तारेला चिमटा लावून
हॅलो, टेस्टिंग, म्हणायचे,
आणि चिमटा काढेपर्यंत
कुणाचं तरी बोलणं कानात सांडायचं:
काजूचा भाव, बाळंतीण सुखरूप, मनीऑर्डर अजून नाही.
त्यातलं घरी कधी काही बोलले नाहीत.
लाइनमनने बोलणं ऐकायचं नसतं,
लाइन आहे की नाही, एवढंच ऐकायचं.

मग चार दिवस वारा. धक्क्यावर उभं राहवेना.
पाचव्या दिवशी खांब गाठला
आणि खिशात फोन थरथरू लागला, थांबेचना.
आधी आलं, "आता बरं आहे. खिचडी खाल्ली."
मग, "प्लास्टर डाव्या हाताला. उजवा शाबूत."
मग मावशीचे सहा मिस्ड कॉल.
मग, "तुझा फोन लागत नाही. कामात असशील."
सगळ्यात शेवटी सगळ्यात जुना,
नऊ सेकंदांचा आवाज:
"रुजू, जरा घसरलो गं..."
आणि मागे चालू राहिलेला नळ.

माझा बाप उलटा पडला.
आधी बरा झाला, मग मोडला, मग घसरला.
खांबाला टेकून मी त्याला सरळ लावत बसले,
नळापासून खिचडीपर्यंत,
आणि प्रत्येक वेळी नळापाशीच अडत राहिले.

फोन लावला. अर्धेमुर्धे शब्द पोचले.
"काय रुजू, झालीस का... रुजू?"
माझ्या नावाचा तोच सरकारी विनोद.
मी म्हटलं, हात दाखवा.
म्हणाले, आधी तुझं दगडफूल दाखव.
आणि लाइन गेली.

आता फोटो चाललाय.
फुप्फुसासारखं सुरकुतलेलं एक हिरवं पान,
शेजारी मापाला माझं बोट.
त्रेचाळीस टक्के. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.
दुकान बंद करून जाता जाता इशबेल
पावाची रिकामी पिशवी देऊन गेली, फोनवर घालायला.
पिशवीतला फोन खांबाच्या माथ्यावर ठेवलाय
आणि खांब दोन्ही हातांनी धरून उभी आहे,
भाऊ वर असताना
शिडी धरून उभी राहायचे तशी.
बोलायचं नाही.
वर बघायचं नाही, डोळ्यांत कचरा पडतो.
सेहेचाळीस.