डावा पाय आधी

दोन बोटांवर उचलली जाते,
म्हणूनच धास्ती वाटली.
एवढ्याशा काटकुळीवर माझं हे एक्कावन्न वर्षांचं वजन?
दुकानातला कॅलम म्हणाला, ती पेलेल तुम्हाला,
तुम्ही फक्त ब्रेक आवळून बसू नका.

पहिला आठवडा गल्लीतच.
हँडल इतकं खाली
की कानातली फिरकी पडलीय
आणि ती शोधत शोधत निघालेय मी
शेफील्डभर.
सीट कसली, उलथण्याचं पातं.
करंगळ्या झोपी जातात, दोन्ही,
आणि लॅबमध्ये स्लाइडवर रंग चढवताना
अचानक मुंग्यांसकट जाग्या होतात.
चढाला मी नेमका उलटा गिअर टाकते,
साखळी दातओठ खाते माझ्यावर.
मागे वळून पाहिलं
की हँडलही पाहतं.

आणि ते बूट.
पेडलवर खटका बसतो, गाठ पडते,
सोडवायची तर टाच बाहेर वळवायची, एवढंच.
एक्लसॉल रोडच्या सिग्नलला मी थांबले,
सायकल थांबली,
टाच आठवली नाही.
काहीच घडत नसताना पडले मग,
सावकाश,
भिंतीला टेकवलेली चटई घसरते तशी.
अठ्ठ्याऐंशी नंबरच्या बसची वाट बघणारी एक म्हातारी
पिशवी खाली ठेवून आली.
"लागलं का गं, पोरी?"
तिचं इंग्रजी मला असंच ऐकू आलं.
गुडघ्यापेक्षा त्या 'पोरी'नेच
डोळ्यांत पाणी आलं.

सहावीत, किर्लोस्करवाडीला,
नळीखालून पाय घालून चालवायचे मी भावाची सायकल.
तेव्हाही पडत होते,
पण तेव्हा जमीन जवळ होती.

घरी पॅसेजमध्ये, भिंतीला हात लावून, सराव.
खट. टाच बाहेर. डावा पाय आधी.
खट. डावा पाय आधी.
या माणसाच्या घरात शिरताना उजवा सांगितला होता,
तो बरोबर लक्षात राहिला, माप ओलांडलं,
कुणी सराव घेतला नव्हता.
श्रीरंग चहाचा कप घेऊन दारात उभा,
शहाण्यासारखा काही बोलला नाही.

बुधवारी रात्रपाळी संपवून झोपलेच नाही.
रिंगिंगलोचा चढ.
दोन्ही बाजूंना दगडाच्या कोरड्या भिंती,
पलीकडे मेंढ्या, पुठ्ठ्यावर निळ्या रंगाचा शिक्का,
माझ्याकडे बघून चघळायच्या थांबल्या.
वारा समोरून. नाक गळतंय.
फुफ्फुसं कुणीतरी पिळून वाळत घातलेली.
शेवटच्या घरानंतर मात्र काहीतरी जुळलं,
काय ते विचारू नका,
पाय मोजायचे विसरले.
मी चक्क एक हात सोडला,
बाटली काढली,
घोटभर घशात, घोटभर गळ्यावर.
परत खोबणीत घालताना
भिंतीला घासता घासता वाचले.
पण प्यायले. चालत्या सायकलवर.

उतारावर मी ओरडले की नाही
हे मेंढ्यांना माहीत.

परतीला तोच सिग्नल, लाल.
खट.
डावा पाय फुटपाथच्या कडेवर
असा टेकला, जणू तिथेच राहायचा.
बसस्टॉपवर ती नव्हती.
एक कॉलेजचा मुलगा होता, कानात गाणं,
त्याने काही पाहिलं नाही.
इतकं वाईट वाटलं!

हिरवा झाला.
उजवीकडे वळायचं होतं.
मी मागे वळून पाहिलं.
हँडलने नाही पाहिलं.