डावा गुडघा

तो पडद्यावर आला तशा शिट्ट्या पडल्या.
मी मात्र त्याचा डावा गुडघा पाहिला.
सवय आहे. एकतीस वर्षं अंबाजोगाईच्या दवाखान्यात
प्लास्टर घातली मी.
माणूस दारातून आत येतो तेव्हाच कळतं
कुठं मोडलंय,
आणि किती दिवस लपवलंय.

हा लपवत होता.
कॅमेराही त्याला सामील.
पळताना नुसती छाती दाखवायचा,
उडी मारताना पाठ,
आणि ती पाठ कुणा पंचविशीतल्या पोराची.
पण उडीनंतर धुळीतून जो उठला, तो हाच.
उठताना एक हात मांडीवर.
तो हात कुठल्या दिग्दर्शकानं शिकवला नसणार.

शेजारच्या खुर्चीत शरफोद्दीन.
पहिला भाग आम्ही परळीला पाहिला, पत्र्याच्या टॉकीजात,
वट्ट अकरा वेळा.
शरफू तिकिटं ब्लॅकनं विकायचा,
एक माझ्यासाठी मोज्यात ठेवायचा.
थर्मलची राख पत्र्याच्या फटीतून आत यायची,
मारामारी हिरोची, राखाडी आम्ही.
बारावा खेळ सुटला आणि ह्यानं
टॉकीजच्या छपरावरून उडी टाकली,
खाली कडब्याची गाडी बघून.
बैलं तेवढ्यात चार पावलं पुढं सरकली.

नळीचं हाड, दोन तुकडे.
मी नवाच लागलो होतो नोकरीला.
माझ्या हातचं पहिलं प्लास्टर ते.
जरा वाकडं बसलं.
शरफू कधी बोलून दाखवत नाही,
थंडीत पाय बोलतो.

तर आता लातूरला आलोत, भाग दुसरा बघायला.
दोनशे ऐंशीचं तिकीट, आणि खुर्ची अशी
की बसलं की माणूस आडवाच होतो,
दाढीला बसल्यासारखा.
सून म्हणाली होती, कशाला जाता अब्बा,
महिन्याभरात मोबाइलवर येईल की.
हा म्हणाला, मोबाइलवर तो एवढासा दिसंल.
एवढासा तर घरात मीच दिसतो.

गोष्ट म्हणाल तर काही नाही.
पोरगी पळवली, गोदाम जाळलं,
जुन्या दुश्मनाचा पोरगा नवा दुश्मन.
धमकीची चिठ्ठी येते.
तो ती हातभर लांब धरतो,
मग खिसे चाचपतो.
चष्मा.
सगळं थिएटर हसलं.
आम्ही दोघांनी आपापले खिसे चाचपले.

आणि शेवटी तसंच छप्पर, तशीच खाली मालगाडी.
मागच्या वेळी इथूनच त्यानं
खाली न बघता झेप घेतली होती.
आता काठावर आला.
थांबला.
संगीतही थांबलं, म्हणजे त्याचा श्वास ऐकू आला,
आमच्यासारखाच, जरा शिट्टी असलेला.
त्यानं खाली बघितलं.

मागून एक पोरगं ओरडलं, मार की लवकर!
शरफू त्या लोळत्या खुर्चीतून कसाबसा उठला
आणि अंधारात पडद्याकडं हात करून म्हणाला,
नक्को मारू रे बाबा. गाडी सरकती.

मारली त्यानं.
मारावीच लागते, पैसे घेतलेत.
पण ह्या खेपेला कॅमेरा कुठं तुटला नाही,
पाठ त्याचीच होती, पोटही त्याचंच,
आणि पडला तो डाव्या गुडघ्यावर.
आवाज मला कळला. एकट्यालाच कळला असेल.
मी मोजत होतो. सात आकडे झाले.
आठव्याला हात मांडीवर गेला.

पोरं खुर्च्यांवर चढून टाळ्या पिटत होती.
मला पिटता येईनात,
माझा एक हात शरफूनं घट्ट धरला होता.

बाहेर सरकता जिना बंद.
किती दिवस लागतील त्याला, शरफूनं विचारलं.
सहा आठवडे, मी म्हणालो. हलायचं नाही बिलकूल.
अन् नीट बसंल का?
मी त्याच्या पायाकडं बघितलं नाही.
तिसऱ्या भागात कळंल, म्हणालो.

तो हसला, आणि कठडा न धरता
माझ्यापुढं दोन पायऱ्या उतरला.
मी धरला.