डावा, पुढचा

फॉर्मवर मी लिहिलं : डावा, पुढचा.
तरी डॉक्टर हेल्काने दोनदा विचारलं,
आणि भादरलेल्या पायावर पेनाने फुली मारली,
तोडायच्या झाडावर जंगलवाले मारतात तशी.
पिहकाने फुली हुंगली. शिंकली.

पिहका म्हणजे पाइनच्या सालीतून ओघळणारा डिंक.
पिल्लू होती तेव्हा रंग तोच,
चिकटायचीही तशीच.
आता अकरा वर्षांची. त्यातली सात गेली शाळेच्या बसमध्ये,
माझ्या सीटमागे.
शेवटच्या थांब्यावरचं पोर उतरेपर्यंत
डोळा म्हणून मिटायची नाही.

एक्सरेत तिचं हाड
भुंग्याने आतून पोखरलेल्या वाशासारखं.
"कापला तर?"
"बर्फ वितळेपर्यंत नक्की," हेल्का म्हणाली.
"ब्लूबेरी पिकेपर्यंत, कदाचित."
त्याच्या पुढचा महिना तिने घेतला नाही.

तेहेतीस वर्षं बस चालवली मी.
वळणापलीकडचं दिसत नसेल तर
वेग कमी करायचा, एवढंच मला येतं.
सही केली.

घरातली जमीन फळ्यांची, गुळगुळीत, निसरडी.
ओइवा गेला त्या हिवाळ्यात त्याचे शर्ट फाडून
मी मागावर सतरंज्या विणल्या होत्या.
पाहुण्यांसाठी म्हणून माळ्यावर ठेवल्या.
कायानीपासून चाळीस किलोमीटरवर, जंगलात,
पाहुणे कोण येणार?
सगळ्या खाली काढल्या.
शेगडीपासून दारापर्यंत वाट केली.
निळा पट्टा म्हणजे त्याचा रविवारचा शर्ट.
पहिल्या रात्री पिहका नेमकी तिथे बसली
आणि तिला उठवेना.
मीही उशी घेऊन तिथेच आले.

छातीखालून टॉवेल घालून
तिला अंगणात उचलून न्यायचे,
उणे बावीसमध्ये,
गाऊनवर ओइवाचा कोट.
"मूत गं बाई. मूत लवकर."
ती आकाशाकडे बघत उभी,
जशी काही तिला कुणी वेळ विचारली होती.

वेइयो आला, माझा भाऊ.
लाकडाच्या गिरणीने त्याची दोन बोटं
तेविसाव्या वर्षीच ठेवून घेतली.
पायऱ्यांवर त्याने फळ्यांचा उतार ठोकला,
त्यावर जुन्या गालिच्याचा तुकडा.
माझ्याशी अवाक्षर नाही.
कॉफी पिताना तिला म्हणाला,
"थंडीत खाजतं.
असलेल्यापेक्षा नसलेलंच जास्त."

चौथ्या आठवड्यात
माझ्या तोंडून निघून गेलं, सवयीने :
"पंजा दे."
ती डावखुरी. कायम डावाच द्यायची.
तिचा खांदा हलला.
टाक्यांच्या रेघेमागे, कातडीआड
काहीतरी पुढे आलं आणि अडलं.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली,
आपण दिलाय, हिला कसा कळत नाही, अशी.

माझा हात पुढे होताच.
हवेत जे काही होतं ते मी धरलं,
दोनदा हलवलं,
"शाब्बास" म्हणाले, बिस्कीट दिलं.
तेव्हापासून रोज तसंच चाललंय.
वेइयोने एकदा पाहिलं. हसला नाही.

आता एप्रिल.
तळ्यावरचा बर्फ राखाडी पडलाय,
त्यावर चालू नका म्हणून पाटी लागलीये.
मार्चमध्ये छातीचा एक्सरे काढला.
त्याबद्दल वेइयोला अजून बोलले नाही.

आज सरपणाच्या ढिगामागे
तिला बर्फाखालचा उंदीर ऐकू आला.
एका पंजाने उकरते. तोल जातो,
नाकासकट खड्ड्यात.
उठते, शिंकते,
जरा डावीकडे सरकून पुन्हा.
मी दोन्ही हात खिशात कोंबलेत
आणि तिथे घट्ट धरून ठेवलेत.

उंदीर केव्हाच पलीकडून निसटला.
मी पाहिला.
ती खणतेय.