डोकं बुडेल एवढं

बरकामधला जनावरांचा डॉक्टर
मान वर न करताच म्हणाला,
पोहायला पाणी लागतंच असं नाही.
डोकं बुडेल एवढी बादली ठेवा,
डोळे धुता आले, नाकपुड्या साफ झाल्या
की बदक जगतं.
मागे एकजण बकरी घेऊन उभा होता.

बादली ठेवली.
निळी, रंगाची, कडेला पांढरा ओघळ वाळलेला.
बदकं पाच. उम्म हमदने दिली,
तिची विहीर खारी झाली त्या वर्षी.
आधी लिंबं वाळली, मग म्हणाली,
ही बत्त तू ने.
तुझ्या गावाला पाणी असतं ना,
तुला कळत असेल.

मला कळतात ते काटे.
समुद्राचं मीठ काढायच्या कारखान्यात
रात्रपाळीला बसून मी ते बघतो.
एकीकडून आख्खं आखात आत येतं,
दुसरीकडून गोडं पाणी निघतं, मोजून.
आणि घरी जूनमध्ये गार नळ सोडावा
तर हात भाजतो.
गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी
आम्ही गार म्हणून अंगावर घेतो.
हे गावी सांगितलं
तर रेमेतमावशी म्हणते, थापा.

डॉक्टरचं खरं होतं.
बदकं जगली. अंडीसुद्धा दिली, फिकट हिरवी.
पण त्यांतली ती तपकिरी,
बादलीत मान घालायची,
झटक्याने चार थेंब पाठीवर घ्यायची,
आणि मग वाळूत बसून
पंख फडफडवत, पोट घासत,
पाय मागे मारत
आंघोळ करायची. कोरडी.
सगळी, नीट, कान धुतल्यासारखी सावकाश.
संपली की उठून शेपटी झाडायची,
आणि वाळू उडायची नुसती.

मी त्या वेळी डबा धुवत असायचो.
बघायचं टाळायचो.

आमच्या घरामागे बावखल होतं, वसईला.
कडेला भेंडीची झाडं, पायरीला शेवाळ.
आयची बदकं सकाळी रांगेने उतरायची त्यात
आणि पाण्यावर पोचली की
त्यांचं चालणं जे विचित्र दिसायचं ना,
ते एकदम बरोबर व्हायचं.
ते बावखल मीच बुजवलं.
इथल्या पगारातून, बावीस डंपर मुरूम.
वर आता भावाची गाडी उभी असते, आणि जिना.
आयने फोनवर विचारलं होतं, आणि बदकं?
मी म्हणालो, टप ठेव गं एक. पोहायलाच कशाला हवं.
ठेवला तिने.
नाताळपर्यंत होती. मग तिने काही सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

गेल्या शुक्रवारी शमसुलने
गच्चीवरची फुटकी टाकी ग्राइंडरने आडवी कापली.
चितगावचा तो, नदीकाठचा,
त्याने का कापतोयस असं एकदाही विचारलं नाही.
अर्धी टाकी वाळूत पुरली, कडेला विटा लावल्या,
टँकरवाल्याला दीड रियाल दिला.
पाणी बघायला मालकाची पोरं पण आली.

बदकं लांब.
एकेक डोळा वाकडा करून बघत राहिली.
तपकिरीला उचलून सोडली
तर ओरडत बाहेर आली आणि बादलीपाशी जाऊन उभी.
शमसुल हसला नाही. म्हणाला, भुलेगेछे.
मग म्हणाला, की शिकलीच नाहीत?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.
पाण्यावर धूळ बसली, एक खजूर पडला.
मी ठरवलं, ओतून टाकू झाडांना.

आज पहाटे पाळी संपवून आलो.
पाणी गढूळ. मधोमध एक पीस,
हळूहळू फिरत होतं.
पाचही जणी भिंतीच्या सावलीत
काही झालंच नाही अशा बसलेल्या.
टाकीपासून तिथवर ओल्या पावलांचे ठसे,
तीन बोटी, आत वळलेले.
किती जणींचे ते मोजायला वाकलो,
तर सातव्या ठशापर्यंत
वाळू पुन्हा कोरडी.

डॉक्टरला विचारायला जाणार नाही.
टँकर मंगळवारी येतो.