घर येतंय

बातमी आणली म्हाताऱ्या समुद्रसिंहानं,
म्हणजे थाप असणार, असं सगळ्यांनी धरलं.
"एदुविनाबाईंचं घर," तो धापा टाकत म्हणाला,
"पलीकडच्या काठावरून निघालंय.
पाण्यातून. इकडे. छपरासकट."

चिलोए बेटावर असं चालतं.
गाव बदलायचं झालं तर माणसं घर सोडत नाहीत,
घरालाच दोर लावतात,
बैल ओढतात काठापर्यंत, पुढे होड्या.
पण हे खाली, शेवाळात, कुणाला ठाऊक!

"घर आलं की उंबरठा आला," खेकडा म्हणाला,
"उंबरठा आला की येणंजाणं आलं,
मग पाहुणे. मग पाहुण्यांचा मुक्काम."
"आणि भिंती," समुद्रसिंहानं भर घातली.
"भिंत म्हणजे?"
"जिथे पाणी थांबतं ती."
थांबतं?
तीन लाटा डोक्यावरून गेल्या, कुणी बोललं नाही.

"दार वाजलं तर उघडायचं कुणी?"
सगळ्यांनी ऑक्टोपसकडे पाहिलं.
त्यानं आठही हात पाठीमागे लपवायला घेतले
आणि मग पाठ शोधत बसला.
एरिसो, म्हणजे तिथला काटेरी गोळा,
म्हणाला, "मला कुणी आत घेणार नाही, गादी फाटते."
म्हणाला खरा, पण थोडा रडवेला झाला.
खडकाला चिकटलेला पिकोरोको तर ओरडतच होता,
"तुम्ही पळाल हो! माझ्यावर जिना बांधतील!"

शेवटी ठरलं, एकत्र घाबरायचं.
एकेकट्यानं घाबरण्यात काही राम नाही.
ज्याला जिथे धरता येईल तिथे धरून
सगळे ओळीनं उभे राहिले.
एरिसोच्या शेजारी जरा जागा सुटली होती.

भरतीबरोबर आलं ते.
निळं, कलतं, कुरकुरत,
कंबरेपर्यंत पाण्यात बुडालेलं.
वर हेर्मेलिंदो ओयार्सो होडीतून शिव्या देत होता,
कारण वाळूच्या दांड्यावर घर अडकलं होतं.
खाली मात्र सगळे डोळे फाडून बघत होते.
भिंतीवर लाकडी फळ्यांचे तुकडे,
गोल कडांचे, एकावर एक, ओळीनं.

"अरे," ऑक्टोपस हळूच म्हणाला, "खवले आहेत त्याला."

मग काय!
"आपल्यातलंच की!"
"बिचारं, पोहायला कुणी शिकवलं नाही."
"आणि पोटात म्हातारी अडकलीय, पाहा, खिडकीतून दिसते!"
लागले ढकलायला.
पिकोरोको जागेवरूनच "हं, जोर लावा!" करत राहिला,
आणि नंतर आयुष्यभर म्हणाला, घर मीच हलवलं.

घर सुटलं. वर टोप्या उडाल्या,
श्रेय हेर्मेलिंदोनं आपल्या मोटरीला दिलं.
जाता जाता दारातलं पायपुसणं तेवढं निसटून
डुलत डुलत तळाशी आलं.

तेव्हापासून खेकडा बिळात शिरण्याआधी
दहाही पाय पुसतो, एकेक करून.
दहावा होईतो पहिला पुन्हा वाळूत गेलेला असतो.

त्याच संध्याकाळी काठावर खड्डा खणला गेला,
दगड तापवले, मोठाली पानं आणली.
नव्या घराच्या जेवणासाठी
शिंपल्यांना खास बोलावणं होतं.
टोपली भरभरून गेले, आनंदानं,
असलेला एकुलता एक पाय पुसून.

अजून आले नाहीत.
"मुक्काम पडला असेल," खेकडा म्हणतो,
"मी सांगितलंच होतं, घर म्हटलं की असंच."