लडी

एल्वीने म्हणाली, जांभळा.
मारेत म्हणाली, निळा.
आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं,
जसं काही टपालाच्या पिशवीतून
मी निकालच घेऊन आले होते.

माझ्याकडे होतं विजेचं बिल,
म्हातारीच्या पेन्शनचं पाकीट, सही घेऊन द्यायचं,
आणि मोटरसायकल दारात चालूच,
कारण या थंडीत ती एकदा बसली
की माझ्यासारखीच उठायला कुरकुरते.

लड्या दोरीवर टांगलेल्या. आठ. ओल्या.
खाली परातीत थेंब थेंब.
थेंबांना कुणी काही विचारत नव्हतं.

परक्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात.
पण किहनू बेटावर बाई आपलं दुःख
घागऱ्याच्या पट्ट्यांत विणते.
माणूस गेला की काळे, गर्द निळे पट्टे,
मग महिने जातात,
मग कुठेतरी लाल येतो, सुतभर.
मग दोन सूत. मग बोटभर.
चर्चच्या दारात उभ्या राहून
आम्ही एकमेकींचे घागरे वाचतो,
कुणाचं किती उरलंय ते,
आणि तोंडाने हवापाण्याचं बोलतो.

निळ्यात लाल पडल्याशिवाय जांभळा होत नाही,
हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक.
म्हणून भांडण.

एन्द्रिकला जाऊन हा दुसरा हिवाळा.
जाळी बघायला निघाला होता, बर्फावरून.
निळा बर्फ तोलतो, करडा दगा देतो,
आमच्याकडे चालायला लागण्याआधी शिकवतात हे.
त्याला तो निळा दिसला.

"मी स्वतः उकळलं," मारेत म्हणाली,
"निळीचंच भांडं. दुसरं काही टाकलं नाही.
टाकेन कशी?"
"डोळे आहेत ना? मग बघ की.
जांभळा आहे. माझ्या लग्नाआधीपासून मी लोकर रंगवतेय."

मला वाटलं, म्हातारी टोचतेय.
इतक्यात लाल? माझा मुलगा, आणि इतक्यात?
मी कानांवर हात ठेवून निघायच्या बेतात,
तर मारेतचा आवाज फुटला.
"निळा आहे, आई. राहू दे ना निळा."

शेवटी मी म्हटलं, उजेडात बघू.
खिडकीशी नेली लडी, तर निळी.
दिव्याखाली धरली, तर जांभळी.
दार उघडून बर्फावर धरली
तर रानातल्या त्या बेरीसारखी,
जी झुडपावर निळी असते,
पोरांच्या जिभेवर जांभळी,
आणि आईने विचारलं की
कुणी खाल्लेलीच नसते.

"वाळल्यावर बघा," मी म्हणाले.
भित्रं उत्तर. अगदी टपालखात्याचं.

एल्वीनेने सहीसाठी हात पुढे केला.
ती नाव सावकाश लिहिते, प्रत्येक अक्षराशी थांबून,
म्हणून मला वेळ मिळाला.
तिच्या नखांच्या कडांना लाल होता.
मंजिष्ठेच्या मुळांचा लाल,
कितीही साबण लावा, आठवडाभर हलत नाही.
माझ्या बहिणीच्या वेळी
माझीही बोटं अशीच झाली होती.

मी पाहिलेलं तिने पाहिलं.
"बीट चिरले सकाळी," ती म्हणाली.
"हो," मी म्हणाले, "यंदा बीट गोड आलेत."

मागे मारेत लड्या पिळत होती,
पिळताना पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं
आणि ती ते पुसत नव्हती.
बऱ्याच वेळाने, भिंतीकडे बघत:
"बारीकच पट्टा घालीन. मागच्या बाजूला."
"घाल," सासू म्हणाली.
"कुणी विचारलं तर निळा सांग."

मी बाहेर आले.
गाडी केव्हाच बंद पडली होती.
सात किका मारल्या.
आठवीला, नाइलाज झाल्यासारखी, सुरू झाली.