मजुरीतली बाटली

मुंढव्याच्या पुलाखालून गाडी काढली तेव्हा
नदीचा वास कुठे संपला आणि
ब्रूअरीचा कुठे सुरू झाला, कळलं नाही.
इरफान म्हणाला, उस्ताद, एवढ्या आंबटाला पैसे देतात लोक?
म्हटलं, आधी चिलर बघू.

कपॅसिटर फुगलेला,
जेवून आडव्या झालेल्या व्याह्यासारखा.
पाइपांना घाम.
साबडे मॅडम मात्र एका पिंपाला हात लावून उभ्या:
याला गार नको. शेजारच्यांना वाचवा.
याला पुण्याचा मे महिना मानवतो.

तेवीस वर्षं मी गारवा दुरुस्त करतोय.
गार नको म्हणणारं गिऱ्हाईक
हे पहिलंच.

स्क्रू पिळता पिळता ऐकलं:
कुठल्याशा थंड मुलखात, म्हणतात,
शेतावरच हिवाळ्यात करून ठेवायचे ही बिअर,
उन्हाळ्यात कापणीच्या गड्यांना
दुपारी मापून द्यायचे. मजुरीतच धरायचे.
म्हणून नाव फार्महाऊस एल.

इरफान फळ्यावरचा भाव वाचत होता.
बाटली साडेचौदाशे.
कर वेगळा.
कोणता गडी, मॅडम? त्याने विचारलं.
पुण्यात भाव विचारायला लाजत नाहीत,
आणि सांगायलाही.
त्यांनी हिशेब मांडला: लाकडी पिंप, बाहेरून आणलेलं यीस्ट,
तीन पिंपं तर नासलीच,
शिवाय हे दीड वर्ष जागा अडवून बसलंय.
मुंढव्यात चौरस फुटाला काय पडतं, माहीत आहे ना?

म्हणजे निम्मी बाटली जागेचं भाडं.
गिऱ्हाईक भाडं पितं
आणि वर म्हणतं, वा, काय फेस.

हसलो खरा. मग आठवलं,
कोथरूडच्या एका काकांनी मला धरलं होतं:
दहा मिनिटांचे आठशे?
मी ऐटीत म्हणालो होतो,
दहा मिनिटांचे नाहीत, तेवीस वर्षांचे.
ते वाक्य मी अजूनही फेकतो.
मला स्वतःला ते
पूर्ण पटलेलं नाही.

बिल झालं बत्तीसशे.
हिशेबाचे परदेशी चष्मा पुसत म्हणाले,
रोख दोन हजारच आहेत. उरलेल्याची बाटली चालेल?
वरचे अडीचशे आम्ही सोडले.
साबडे मॅडम जमिनीकडे बघू लागल्या.
इरफान म्हणाला, मी पीत नाही,
माझा हिस्सा रोख.

घरी, ससाणेनगरात,
बुचाची तार पकडीने सोडवली.
आवाज असा झाला की शेजारच्या वहिनी
गॅस बघायला धावल्या.
दोन स्टीलचे पेले.
पहिला घोट म्हणजे
बॅटरीच्या टोकाला जीभ.
मग पेरूची साल, मिरं,
पाणी मारलेल्या गोणपाटाचा गारवा,
आणि काहीतरी, ज्याला माझ्याकडे नाव नाही.

सुलभा म्हणाली, ताक नासलंय.
पेला पुढे केला. परत दे, नीट कळलं नाही.
तिला चार वेळा
नीट कळलं नाही.

मग विचारलं, केवढ्याची?
म्हटलं, एका दुपारची.
स्वस्त की महाग?
मी फ्रिजकडे बघत राहिलो.
आमचा फ्रिज. दोन महिने खडखडतोय,
लोकांचे दुरुस्त करताना
राहून गेलेला.

उठलो, बूच आडवं चिरलं,
डाव्या पायाखाली सारलं.

सकाळी इरफानचा फोन: उस्ताद, वसूल झाली का?
मी म्हणालो, फ्रिज वाजायचा थांबला.
तो जरा वेळ गप्प बसला,
म्हणाला, आज तुम्ही आराम करा,
हडपसरचं काम मी बघतो.